एकट्या पालकाच्या घरात खरं बोलणं शिकवताना: माझा अनुभव

घरात मोठं माणूस एकच असलं की नियम त्याच्या थकव्याप्रमाणे बदलतात. केळीच्या पॅकिंगवरून अंधार पडल्यावर घरी आल्यावर जे चालतं, ते सुट्टीच्या दिवशी चालत नाही. मूल मग नियम शिकत नाही, आईचा चेहरा वाचायला शिकतं. म्हणून मी तीनच नियम ठेवले. दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यायची, दुकानातून उरलेले पैसे फडताळातल्या डब्यात टाकायचे, आणि सांडलं-फुटलं तर आपणहून सांगायचं.

तिसऱ्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तीन वर्षांचं पोर ‘अंगणात वाघ आला होता’ म्हणतं, ते खोटं नव्हे. चारच्या आसपास त्याला उमगतं की आपल्याला जे ठाऊक आहे ते आईला ठाऊक नसू शकतं. लपवालपवी तिथून वाढू लागते. हे डोकं चालू लागल्याचं लक्षण, चोरटेपणाचं नाही. दूध सांडलेलं समोर दिसत असताना ‘कोणी सांडलं?’ विचारलं, की आपणच त्याला खोटं बोलायला लावतो. मी एवढंच म्हणते, ‘दूध सांडलंय, फडकं आण.’ पुसायचं त्यानेच. खाटेखालचं राहिलेलं मी पुसते. खरं सांगूनही मार बसला तर पुढच्या वेळी तो जास्त सफाईने खोटं बोलेल.

पैशांच्या नियमासाठी दहाची शेव आणायला वीसची नोट द्यायची. परत दहा येणार हे आधी सांगून ठेवायचं. पाच वर्षांच्या मुलाला यापेक्षा मोठा हिशेब देऊ नये. कमी आले तर दोघांनी दुकानात जाऊन विचारायचं. चूक दुकानदाराचीही असू शकते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलं की घडी विस्कटते. ‘बिनबापाचं लेकरू’ म्हणून आजी सगळं पोटात घालते. तिच्याशी मुलासमोर वाद घालत नाही. तीनपैकी पैशांचा नियम तेवढा मामाकडे सोपवते. ‘आता तूच घरातला कर्ता’ हे मात्र कोणालाही म्हणू देत नाही. तसं म्हटलं की आईला त्रास नको म्हणून पोर शाळेतली भांडणंही गिळायला लागतं.

आणि वडिलांबद्दल घरानेच खोटं बोलू नये. ‘बाहेरगावी गेलेत’ म्हटलं की मूल दाराकडे डोळे लावतं, ‘झोपलेत’ म्हटलं की रात्री झोपायला घाबरतं. मी सांगते, ‘बाबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत.’ तो पुन्हा पुन्हा विचारतो. दर वेळी हेच शब्द.