एक सिनेमा बघून मत बदललं का? तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न दोन आहेत, पण येतात जोडीनेच. 'एक सिनेमा बघून तू फाशीच्या विरोधात गेलीस?' आणि त्याला लागूनच, 'तुझ्या घरातल्या कुणाचा खून झाला असता तर हेच बोलली असतीस का?' गेली कितीतरी वर्षं हे ऐकतेय, आणि विचारणारा उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबलाय असं क्वचितच झालंय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिल्याचं उत्तर, नाही. सिनेमा बघून मी रडले, इतकंच. कुठला सिनेमा ते मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की सगळी चर्चा त्या नटाच्या कामावर जाते. एका मुलीच्या खुनाचा आरोप असलेला निरपराध माणूस, फाइलसुद्धा धड न वाचणारा वकील, आणि शेवटची वीस मिनिटं. त्याला न्यायला येतात तेव्हा चष्मा काढून द्यायला सांगतात, तर तो आधी शर्टाच्या टोकाने दोन्ही काचा पुसतो, उजेडात धरून बघतो आणि मग देतो. पुढे त्याचं काय होतं त्यापेक्षा त्या पुसलेल्या काचांनी मला जास्त रडवलं.

पण दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते की तो निर्दोष होता म्हणून वाईट वाटलं, ज्याने खरंच केलंय त्याला लटकवाच. मी तेव्हा तशीच होते. एखादी भयंकर बातमी आली की 'भर चौकात फाशी द्या' असं लिहिणाऱ्यांत मी पहिली असायची. आणि त्या मला आज मी सरसकट चूक म्हणणार नाही. तिचा राग खरा होता. तसल्या बातम्या वाचून राग न येणारं माणूस मला व्हायचंही नाहीये. तिने फक्त एक गोष्ट गृहीत धरली होती, की फाशी ज्याने गुन्हा केला त्यालाच होते.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात सहा जणांची फाशी कायम केली. त्यातल्या तिघांची तर हायकोर्टाने जन्मठेपेवर आणली होती, ती परत फाशीवर नेली. भटक्या जमातीतली गरीब माणसं. ती बातमी तेव्हा माझ्या नजरेखालून गेली असेल तर 'बरं झालं' म्हणून मी पान उलटलं असणार, दुसरं काही केलं असेल असं वाटत नाही. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधून वेगळेच चौघे ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असं मधे ठरलं. जवळजवळ सोळा वर्षं तुरुंगात काढल्यावर पाच पाच लाख भरपाई. जल्लाद मधल्या दहा वर्षांत आला नाही म्हणून ते घरी गेले, एवढाच काय तो फरक.

मग मी वाचतच सुटले. जपानमधले इवाओ हाकामादा, पूर्वीचे बॉक्सर, १९६८ मध्ये फाशीची शिक्षा, निर्दोष ठरले २०२४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी. तिथे कैद्याला फाशीचं त्याच दिवशी सकाळी सांगतात, म्हणजे २०१४ ला बाहेर येईपर्यंत दर सकाळी पावलं वाजली की काय होत असेल ते तुम्हीच बघा. आणि ज्या तिघा न्यायाधीशांनी शिक्षा दिली त्यातल्या एकाने, निकालपत्र त्यानेच लिहिलं होतं, २००७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की मला तो निर्दोषच वाटत होता, बाकी दोघांपुढे माझं काही चाललं नाही. इथे मात्र माझं मत फिरलं. सिनेमातल्या चष्म्यामुळे नाही, स्वतःला न पटलेलं निकालपत्र लिहायला बसलेल्या त्या न्यायाधीशामुळे.

आता दुसरा प्रश्न, घरातल्या कुणाचा खून. याचं उत्तर मी आजवर टाळत आले.

माझ्या जिवलग मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीचा खून झाला होता. तिची आई, आमच्या काकू, यांनी मला लहानपणापासून घरातलीच मानलंय. त्या केसमध्ये ज्याला पकडलं होतं तो संशयाचा फायदा मिळून सुटला. अकरा वर्षांनी, एका संध्याकाळी, मी त्यांच्या घरी लॅपटॉप टीव्हीला जोडून हाच सिनेमा लावला.

माझ्या लक्षात आलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आलेय. ते खरं नाही. मला सगळं लक्षात होतं. मी स्वतः बदलले होते आणि मला वाटलं काकूंनाही बघून बरं वाटेल, मनातलं ओझं उतरेल वगैरे. कुठून आलं एवढं शहाणपण माझ्यात देव जाणे, पण आलं होतं.

काकू दिवाणावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सिनेमा संपेपर्यंत घालत होत्या. अर्ध्याच्या पुढे कपडे संपले होते, मग एकच टॉवेल त्या उलगडायच्या, मांडीवर सारखा करायच्या, परत घडी करायच्या. मी ते बघत होते आणि तरी सिनेमा बंद केला नाही. चष्म्याचा सीन आला तशी मैत्रीण हुंदके द्यायला लागली, मीही दुसऱ्यांदा बघताना तितकीच रडले. संपल्यावर नावं वर सरकत होती तेव्हा काकूंनी विचारलं, "त्या मुलीचं नाव काय गं?"

मी म्हटलं, "कुठल्या?"

"मेली ना ती. जिच्यापायी हे सगळं चाललंय."

मला आठवेना. त्या माणसाच्या आईचं नाव येत होतं, तुरुंगातल्या त्या चांगल्या शिपायाचं येत होतं, न वाचणाऱ्या वकिलाचंसुद्धा. मुलीचा फाइलला टाचलेला एक फोटो तेवढा डोळ्यांसमोर आला. "मागे नेऊन बघू का?" म्हणून मी रिमोट शोधायला लागले. काकू म्हणाल्या, "राहू दे," आणि घड्या उचलून आत गेल्या. मैत्रीण माझ्याकडे बघत होती, अजून डोळे ओले, पण बघणं वेगळं होतं.

आठेक दिवसांनी काकूंचा फोन. इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग एकदम, "तो आमचा सुटला ना, त्याने केलंच नसेल असं होऊ शकतं का गं?"

मी गप्प.

"कारण मग मी अकरा वर्षं भलत्याच माणसाला शिव्या देतेय. आणि ज्याने केलं त्याला एकदाही दिली नाही."

मी काहीतरी बोलले असेन, काय ते आठवत नाही. त्या फोनबद्दल मैत्रिणीलाही सांगितलेलं नाही.

तर, घरातल्या कुणाच्या बाबतीत काय बोलले असते? माहीत नाही. कदाचित फाशीच मागितली असती, आणि तेव्हा मला कुणी असला सिनेमा दाखवला असता तर त्याचं तोंडही परत बघितलं नसतं. तरीही मी आज विरोधातच आहे, कारण मी मागितलं म्हणून त्यांनी ज्याला कुणाला उभं केलं असतं तो नक्की तोच असता हे मला कोण सांगणार? मग काकूंसारख्यांना द्यायला तुझ्याकडे काय आहे, असं तुम्ही विचाराल. चांगला तपास, म्हणेन मी, आणि हे त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नाही. त्यांच्या केसमध्ये तेच तर झालं नव्हतं.

सिनेमातल्या मुलीचं नाव मी त्याच रात्री घरी येऊन शोधलं. कोर्टात दोनदा घेतात, दोन्ही वेळा घाईत. काकूंना अजून सांगितलेलं नाही. त्यांनीही परत विचारलेलं नाही.