दारातली पायताणं

चौथा दिवस उजाडला तरी पोरगा पायातले सँडल काढेना. पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, अशा जाण्याच्या तयारीतच तो दाराजवळच्या खांबाला टेकून बसायचा. रडत नव्हता. मागत काही नव्हता. आमच्या मावशी कौतुकानं म्हणाल्या, ‘बाई, गुणाचं हाय लेकरू. बगा कसं गप बसलंय.’ माझ्या पोटात मात्र कालवलं. पहिल्या दिवशी याच पोरानं गल्ली डोक्यावर घेतली होती, आणि तो गप्प झाला तो माझ्यामुळं.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावर आमची बालवाडी भरते. बावीस वर्षं झाली मला तिथं. जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊसही येतो, त्यामुळं पहिला दिवस म्हणजे छत्र्या, चिखल आणि हुंदके. निम्मे हुंदके मोठ्यांचे. आया पदरानं डोळे पुसतात, बाप मोबाइलवर शूटिंग करता करता तोंड फिरवतात. पूर्वी मला याचं हसू यायचं. नंतर माझी मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली, तिला सोडून परत येताना पार कोल्हापूरजवळच्या किणी टोलनाक्यापर्यंत मी एसटीत रडत होते, तेव्हापासून हसणं बंद केलं.

या पोराला सोडायला आजोबा आले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. जुने पैलवान, कुस्तीत मोडलेले कान, सत्तरीतही दारात उभे राहिले की उजेड अडायचा. शाळेचा पहिला दिवस म्हणून इस्त्रीचा सदरा घातलेला आणि पावसाळ्यात कुणी घालत नाही ती कोल्हापुरी पायताणं, तेल पाजलेली, करकर वाजणारी. पोराचा बाप शिरोलीला फौंड्रीत, आई महाद्वार रोडवर कापडाच्या दुकानात. साडेतीन वर्षं पोरगं आबांच्याच अंगाखांद्यावर. सकाळी आबा त्याला गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला नेत, दुपारी पोटावर झोपवत.

पहिल्या दिवशी दोघांनी पायताणं दारात शेजारी शेजारी काढली आणि आत आले. अर्ध्या तासानं पोरगं ठोकळ्यांत रमलं. मी आबांना हळूच म्हटलं, ‘आबा, लक्ष नाही तोवर सटका.’

हा सल्ला मी वर्षानुवर्षं देत आले होते. मलाही माझ्या थोरल्या बाईंनी तोच शिकवला होता. सोपा आहे, दारातला तमाशा वाचतो. आबा पायताणं हातात घेऊन, त्यांचा आवाज होऊ नये म्हणून, मागच्या बोळातून गेले. पाच मिनिटांनी पोरानं मान वर केली. पुढचं सांगत नाही. मावशींच्या हाताला चावल्याचा वण आठवडाभर होता.

दुसऱ्या दिवशी आबा मला म्हणाले, ‘बाई, आखाड्यातनं कवा पळालो न्हाई. काल नातवाला सोडून चोरागत पळालो.’ मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

प्रशिक्षणात आम्हाला एका फिल्मविषयी सांगितलं होतं. मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली ती केली. दोन वर्षांची मुलगी इंग्लंडमध्ये आठ दिवस हॉस्पिटलात राहते. त्या काळी आईबापांना मुलाजवळ थांबू देत नसत. मुलगी फार आरडाओरडा करत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की रुळली. रॉबर्टसन यांचं म्हणणं असं की मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि शेवटी मन काढून घेतं. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी पुढं यावरच मोठं काम केलं. परीक्षेला मी हे सगळं पाठ लिहिलं होतं. खांबाला टेकलेलं ते पोरगं बघून पहिल्यांदा समजलं.

आईबापांना मी एरवी सांगते ते असं. साधारण आठव्या महिन्यापासून मूल आई दिसेनाशी झाली की घाबरतं. दीड वर्षापर्यंत हे वाढतं, मग हळूहळू ओसरतं. शाळा सुरू झाली की पुन्हा उसळी मारतं. सकाळी पोट दुखतं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, सोमवारी सगळं पहिल्यापासून. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलं सावरतात. चार आठवडे उलटूनही जेवणखाण, झोप सुटलेली असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं. हे सांगताना आवाज शांत ठेवायचा असतो, कारण समोरची आई शब्द ऐकत नसते, तोंड वाचत असते. पोरगंही तेच करतं, आईचं तोंड वाचतं. या पोराची आई दुकानातून दर तासाला फोन करायची. ‘रडतोय का?’ नाही म्हटलं की तिचाच आवाज फुटायचा. पालकांच्या ग्रुपवर फोटो टाका म्हणून मागणी असते, पण रडणाऱ्या पोराचा फोटो मी टाकत नाही आणि हसणाऱ्याचाही नाही. ज्याचा फोटो नाही त्याच्या आईचा दिवस जातो.

तिसऱ्या दिवशी आबांनी मला बिनतोड पेचात धरलं. ‘शाहू म्हाराजांनी शाळंची सक्ती केली, पोर न पाटवणाऱ्याला म्हैन्याला रुपाया दंड लावला. खरं का न्हाई?’ खरं, म्हटलं, १९१७ चा कायदा. ‘मग त्यात वय काय हुतं? सात! तुमी साडेतीनाच्याला बलवलाय.’ आता याला काय उत्तर देणार? ‘घरी कोण बघणार’ हे उत्तर त्यांच्याबाबतीत लागूही नव्हतं. सून म्हणायची शेजारची सगळी जातात, म्हणून हाही आला होता.

तर चौथा दिवस. अकराच्या सुमाराला पावसाची झड दारात यायला लागली. मावशी चपला उचलून आत घ्यायला लागल्या. पोरगं ताडकन उठलं. एकेक जोड बघत गेलं, सगळ्या बघून झाल्या आणि तीन दिवसांत पहिल्यांदा बोललं.

‘आबाचं पायताण?’

मी जवळ बसले. ‘आबांचं पायताण आबांच्या पायात आहे.’

‘हितं हुतं. माज्याजवळ हुतं.’ त्यानं जागा दाखवली. ‘मी खेळलो. मग न्हवतं.’

म्हणजे त्या दिवशी ठोकळे खेळतानाही याचं लक्ष दारात होतं. आबांचं पायताण आहे म्हणजे आबा आहेत, हा त्याचा हिशेब. आपण आपलं पायताण काढलं, खेळात गुंतलो, आणि तेवढ्यात शेजारचं नाहीसं झालं. आता तो काढणारच नव्हता.

साडेअकराला आबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘मग उद्यापास्नं हितंच ठेवतो की.’

मी कडाडून विरोध केला. पायताणं ठेवून आबा बोळातून जाणार, म्हणजे पुन्हा फसवणूकच, आणि ह्या वेळी जास्त हुशारीनं केलेली. आबा माझ्याकडं, कुस्ती न कळणाऱ्याकडं बघावं तसं बघत राहिले. ‘कोण फसवतंय? सांगून जानार हाय.’

पाचव्या दिवशी ते दारात उकिडवे बसले, नातवाच्या डोळ्याला डोळा येईल असे. ‘बाळ्या, मी चाललोय. पायताण ठेवून चाललोय. हे तुज्याकडं तारण. घंटा झाली की न्यायला येतो. एवढ्या म्हाग पायताणाला यायलाच लागंल का न्हाई?’

पोरगं रडलं. चांगलं खणखणीत रडलं, आणि मला हायसं वाटलं. आबा मागं न बघता पुढच्या दारानं, भर रस्त्यानं, अनवाणी गेले. रडणं दहा-बारा मिनिटं चाललं. मग त्यानं माझ्याकडून खडू मागून घेतला, आबांच्या पायताणाभोवती गोल काढला, बराच वेळ विचार केला आणि आपले सँडल काढून त्या गोलात ठेवले.

त्या दिवसापासून मी कुणालाही ‘सटका’ म्हटलेलं नाही. दारात रडारड होते, होऊ दे. आमच्याकडं तारणाची साथच आली. एका आईनं केसांचा क्लिप ठेवला, एकीनं दुकानाची रिकामी पिशवी. एक बाप हेल्मेट ठेवतो म्हणाला. त्याला म्हटलं, ते डोक्यावरच असू दे बाबा.

सोमवारी गाडी घसरायची, तापातून उठल्यावरही घसरली. आबा मात्र घंटेला कधी चुकले नाहीत. जुलैत पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, धो धो पाऊस, त्या दिवशी तर घंटेच्या वीस मिनिटं आधीच वळचणीला उभे, गुडघ्यापर्यंत भिजलेले. मी म्हटलं, आबा, आता रबरी चप्पल तरी घाला की घरातली. ‘तालमीत काय बूट घालत हुतो व्हय?’

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी पोरगं हातात मातीचा बैल घेऊन आलं. तो इतरांना दाखवायची घाई होती. सँडल काढून आत निघालं, आणि दारातूनच परत फिरलं. आबा पायताणं काढून खडूच्या जागेवर ठेवत होते.

‘नगं ठेवू. घालून जा.’

‘का रं?’

‘काटा मोडंल.’

आणि आत पळालं. आबा बराच वेळ दारातच उभे राहिले. मग खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पायताणं पुसून तिच्यात घातली. बाहेर पाऊस होता, कातडं भिजलं असतं. पिशवी काखेत मारून ते त्या दिवशीही अनवाणीच गेले.