बी सरळ पडलं, खताने रडवलं

आमच्या तालुक्याच्या गावी एका लेथवाल्याच्या (मशीनवर सुटे भाग कातून देणाऱ्याच्या) दारात ऑइलचा उपडा ड्रम आहे. गेल्या जूनमध्ये घरी केलेल्या पेरणी यंत्राच्या तीन रोलरसाठी त्या ड्रमवर मी नऊ दिवस बसून काढले. "पाटील, उद्या सकाळी नेऊन टाका," हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की शेवटी तो तोंड उघडायच्या आतच मी मान डोलवायला लागलो.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. आमची चार एकर कोरडवाहू, औसा तालुक्यात. दरसाल सोयाबीन. अण्णा तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरायचे आणि आई मागून सरत्यात, म्हणजे तिफणीमागे बांधलेल्या नळीत, खत सोडत चालायची. आईचे गुडघे गेले. पेरणीच्या चार दिवसांत बाई मिळत नाही, कारण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, सगळ्यांच्या रानाला एकदमच येतो. ट्रॅक्टरवाल्याकडे नंबर लावला तर आपली पाळी येईपर्यंत ओल उडालेली. बैल दावणीला आहेतच, मग तीन फणांचं बी-खत एकदम पेरणारं यंत्र घरीच करू, असं ठरवलं.

सांगाडा दोन दिवसांत झाला. अँगल आणि पट्टी भंगारातून आणली, गावातल्या वेल्डिंगवाल्याने जोडून दिली. फणांत अंतर 45 सेंटीमीटर. खताची नळी फणाच्या पाठीला चिकटून खाली, बियाची तिच्या मागे आणि वर. खत आधी खोल पडतं, त्यावर थोडी माती ढासळते आणि मग बी येतं. बी तीन-चार सेंटीमीटरवर आणि खत त्याच्या खाली साधारण पाच सेंटीमीटर, हा हिशोब. अजूनही बरेच जण बी आणि डीएपी खत एकत्र कालवून पेरतात आणि मग उगवण कमी झाली म्हणून बियाणे कंपनीला शिव्या देतात. खताचा क्षार बियाला लागला की कोंब जळतो.

बी आणि खत खाचांतून मोजून खाली सोडणारे रोलर फिरवायची चाल जुन्या सायकलवर. 50 सेंटीमीटर व्यासाचं लोखंडी चाक, त्यावर घसरू नये म्हणून खुंट्या, साखळी सायकलचीच आणि रोलरच्या शाफ्टवर फ्रीव्हील. फ्रीव्हीलचा फायदा असा, की बैल मागे सरले तरी रोलर उलटे फिरत नाहीत. ही अक्कल माझीच, एवढं म्हणू द्या.

बियाचे रोलर पहिल्या फटक्यात जमले. एकरी 30 किलो बी धरलं होतं. तीन फणांची रुंदी 1.35 मीटर, चाकाचा एक फेरा 1.57 मीटर, म्हणजे एका फेऱ्यात जवळपास 2.12 चौरस मीटर. दोन गुंठ्यांना 95 फेरे. यंत्र अंगणात विटांवर उचलून ठेवलं, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधली आणि चाक हाताने 95 वेळा फिरवलं. नळीमागे अर्धा किलो पडायला हवं, जवळपास तेवढंच पडलं. खत एकरी एक पोतं, म्हणजे त्याच 95 फेऱ्यांत अडीच किलो. मे महिन्याच्या कडक उन्हात तेही बरोबर पडलं. मी खूश.

इथेच फसलो. मेमधलं खत आणि जूनमधलं खत यांत फरक असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर कुणी सांगायची गरजही नव्हती, पोतं दरवर्षी उघडतोच की.

मृगाचा पाऊस झाला, रानात वाफसा आला, अर्धा एकर पेरलं. तास (पेरणीच्या ओळी) सरळ, बैल निवांत, अण्णा बांधावरून बघतायत. डबा उघडला तर 25 किलो जायच्या जागी जेमतेम आठ किलो खत गेलेलं. मधला रोलर जाम. लोखंडी रोलर आणि घर यांच्यातली फट बियाच्या मापाने ठेवलेली, त्यात डीएपीचा दाणा चिरडला. त्याची पूड झाली, पुडीने हवेतली ओल ओढली आणि खाचांत लापशी बसली. वरून हे काही दिसत नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "सरतं बरं होतं."

खताला मोठ्या खाचांचे, नायलॉनचे रोलर हवेत, हे रात्रीच लक्षात आलं. लोखंडाला खत खातं आणि चिकटतंही. दुसऱ्या दिवशी लेथवर गेलो आणि ड्रमवर बसलो.

पहिल्या दिवशी रॉड नव्हता. तिसऱ्या दिवशी रॉड आला, तर लाईट गेली. मग कुणाच्या रोटाव्हेटरचा शाफ्ट, मग ट्रॉलीचा हब, मग त्याच्या मेव्हण्याच्या घरची वास्तुशांत. मध्ये एकदा मला ऐकू जाईल असं पोराला म्हणाला, "ते खेळणं राहू दे, आधी हे घे." पाऊस उघडून ऊन पडलेलं, शेजारच्यांची पेरणी उरकत आलेली आणि मी चहा पीत त्याच्या मशीनकडे बघतोय. नवव्या दिवशी तो बाहेर गेला होता. दुकानात सतरा-अठरा वर्षांचं पोरगं होतं, त्याला म्हटलं, तू कर. त्याने तिन्ही रोलर चाळीस मिनिटांत काढून दिले. चाळीस मिनिटं! घरी येताना मोटारसायकलवर मी मोठ्याने हसत होतो की शिव्या देत होतो, आठवत नाही.

म्हणून लेथचं काम अक्षय्य तृतीयेच्या आत उरका. नायलॉनचा रॉड स्वतः विकत घेऊन जा. खताचा डबा पत्र्याचा नको, मी निळा प्लास्टिकचा ड्रम कापून केला. नळ्या पारदर्शक घ्या. आधी काळा पाईप लावला होता, तो पारदर्शक असता तर पहिल्याच तासाला चोरी पकडली असती. आणि धुऱ्यावर वळल्यावर यंत्र उभ्या जागी टेकवू नका, बैल चालते झाले की मग फण सोडा. नाहीतर नळीच्या तोंडात ओली माती भरते.

अनुदानाचं विचाराल तर नाद सोडा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळतं ते तपासणी झालेल्या यंत्राच्या पक्क्या बिलावर. घरी जोडलेल्याला कोण विचारतो? मला सगळं मिळून पावणेसात हजार लागले, त्यात लेथवरचा चहा धरलेला नाही.

उरलेलं साडेतीन एकर आर्द्रात दोन दिवसांत पेरलं, खतासकट, माणसं दोनच. आई बांधावर बसून होती.

डावा फण मात्र अजून दोन गुंठ्यांमागे पन्नास-साठ ग्रॅम बी जास्त सोडतो. रोलरची एक खाच खोल गेली आहे. पीक गुडघ्याला आलं तेव्हा त्या फणाचं तास दाट दिसायचं, अण्णा पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवायचे. दुरुस्त करायचं तर पुन्हा त्या ड्रमवर बसावं लागेल, म्हणून तसंच ठेवलंय.