गिअरबॉक्स न उघडता

मोटरसायकल दुरुस्तीच्या कामात गिअर नीट पडत नसल्याची तक्रार नवी नाही. परंतु त्या दिवशी आलेल्या गाडीच्या मालकाने गिअरबॉक्स उघडण्याची मनाची तयारी आधीच केली होती. पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना हिसका बसतो आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना मागचे चाक क्षणभर घसरते, असे त्याचे म्हणणे होते. गिअरबॉक्ससाठी बहुतेक गाड्यांचे इंजिन खाली उतरवून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे मुख्य कवच, उघडावी लागते, म्हणून हा उपाय मी अगदी शेवटचा मानतो.

क्लच लिव्हरच्या बुडाशी साधारण 2 ते 3 मिलिमीटर प्ले, म्हणजे ओढ लागण्याआधीची मोकळी हालचाल, असावा लागतो. तो फार वाढला तर लिव्हर पूर्ण ओढूनही इंजिन गिअरबॉक्सला जोडणाऱ्या क्लच प्लेटा मोकळ्या होत नाहीत आणि गिअर अडखळतो. येथे तो योग्य होता, ऑइल आणि चेनही ठीक होती. मी गाडी चालवून पाहिली, तेव्हा सगळे गिअर सहज पडले. मग मी मालकाला चालवायला सांगितले आणि त्याच्या मागे बसलो.

तो आधी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडत होता, नंतर क्लच ओढत होता, मग पायाने बिचकत गिअर लिव्हर उचलत होता. एवढ्या वेळात इंजिनाचे फेरे आयडलपर्यंत, म्हणजे उभ्या गाडीत असतात तितक्या मंद गतीपर्यंत, उतरत, आणि क्लच सुटताच चाकाला ते इंजिन ओढून पुन्हा वेगात आणावे लागे; त्या क्षणी मी प्रत्येक वेळी पुढे ढकलला जात होतो. बिचकणारा पाय हे दुसरे कारण होते. या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. गिअर लिव्हर हलला की ड्रम हा खाचांचा दंडगोल फिरतो, त्याने हलणारा फोर्क (काटा) गिअरला शाफ्टवर सरकवतो आणि त्या गिअरच्या बाजूचे डॉग, म्हणजे जाड दात, शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरतात. हे काम एका ठाम हालचालीतच व्हावे लागते, कारण अर्धवट ढकललेले डॉग कडांवर घासतात आणि झिजतात.

मोकळ्या मैदानात मी त्याला लिव्हरखाली पायाचा हलका दाब आधीच ठेवायला लावले, आणि ॲक्सिलरेटर किंचित कमी करणे व क्लच प्लेटा मोकळ्या होतील इतकाच क्लच ओढणे या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी करायला सांगितल्या. पायाचे काम झाले की क्लच लगेच सोडायचा होता. थोड्याच वेळात हिसका थांबला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला पाहून मलाही फार समाधान वाटले.

गिअर उतरवणे अधिक कठीण होते. तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला 4000 फेऱ्यांवर असलेल्या इंजिनाला त्याच वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये, गाडीनुसार, 5200 ते 5500 फेरे लागतात. ही वाढ क्लच ओढलेला असताना ॲक्सिलरेटरच्या छोट्या झटक्याने दिली नाही, तर ती मागच्या चाकाला द्यावी लागते, आणि ब्रेक लावल्यामुळे त्या चाकावरचा भार आधीच कमी झालेला असतो. समोरचा ब्रेक दाबत असताना त्याच हाताने हा झटका देणे त्याला त्या दिवशी जमले नाही. म्हणून, ते अंगवळणी पडेपर्यंत ब्रेकनेच वेग पुरेसा कमी करून मग एकेक गिअर उतरवावा आणि क्लच सावकाश सोडावा, असे सांगून मी गाडी त्याच्या हवाली केली.