येळवसला संदर्भ कुठून आणायचा?

आमच्या गावाचं पान मराठी विकिपीडियावर आधीच होतं. 'लातूर जिल्ह्याच्या उदगीर तालुक्यातील एक गाव' एवढी एक ओळ आणि खाली मथळ्यांची रांग: हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा. हवामान सोडलं तर सगळे मथळे रिकामे, आणि हवामानाचा मजकूरही शेजारच्या गावाच्या पानावर जसाच्या तसा. 'लोकजीवन'खालची ती कोरी जागा बघून राहवलं नाही. 'संपादन' दाबलं आणि लिहून टाकलं, 'गाव निसर्गरम्य असून येथे येळवस मोठ्या उत्साहात साजरी होते. लोक मनमिळाऊ आहेत.' येळवस म्हणजे आमच्याकडचा रानात साजरा होणारा अमावस्येचा सण.

संध्याकाळपर्यंत ते गायब. 'इतिहास' उघडला तर माझा बदल उलटवल्याची नोंद, आणि सारांशात दोनच शब्द: संदर्भ नाही. डोकं फिरलं. चाळीस वर्षं जी येळवस खातोय, तिला हे लोक संदर्भ मागतेत?

त्या रागातच ठरवलं, येळवसचं स्वतंत्र पान करायचं. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावं ओस पडतात, सगळे शेतात. ज्वारी उभी असते, हरभरा घाट्यात आलेला असतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. पूजा झाली की रानभर आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत फिरायचं. मग भज्जी. कांद्याची भजी नव्हे. हिरव्या शेंगा, दाणे, पालेभाज्या आणि चिंच घालून बेसनात शिजवलेली भाजी. बाहेरचा पाहुणा इथं हमखास फसतो.

पहिला प्रयत्न मी आळशीपणानं केला. एका पुरवणीतला लेख आवडला होता, तो जवळजवळ तसाच उतरवला. पान दुसऱ्या दिवशी काढलं गेलं, कारण प्रताधिकारभंग. या वेळी मात्र चूक सरळ माझीच होती. विकिपीडियावरचा मजकूर श्रेय देऊन कुणीही पुढं वापरू शकतो. मग दुसऱ्याच्या मालकीचा मजकूर मी तिथं फुकट कसा वाटणार? माहिती घ्यायची, वाक्यं आपली लिहायची आणि माहिती कुठली ते सांगायचं. प्रचालकानं, म्हणजे विकिपीडियावर देखरेख ठेवणाऱ्या सदस्यानं, माझ्या चर्चापानावर हे शांतपणे लिहिलं होतं. मी उत्तर दिलं आणि खाली सही करायला विसरलो. चार टिल्ड (~) चिन्हं टाकली की नाव आणि वेळ आपोआप उमटते, हेही त्यांनीच सांगितलं.

मग धूळपाटीवर आलो. हा शब्द मला फार आवडतो. पूर्वी पोरं पाटीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायची, तसं इथं कितीही गिरवा, कुणी ओरडत नाही. मराठी विकिपीडियावर असे शब्द भरपूर आहेत: सगळ्यांनी मिळून बोलायची जागा चावडी, आपोआप कामं करणारा बॉट म्हणजे सांगकाम्या. यथादृश्यसंपादक एवढा एकच शब्द तोंडात बसत नाही, पण काम सोपं त्यानंच होतं. कंस आणि टॅगच्या भानगडीत न पडता साध्या कागदावर लिहावं तसं लिहिता येतं.

आठ दिवस धूळपाटीवर घासलं. 'उत्साहात', 'जागृत', 'आगळावेगळा' हे शब्द एकेक करून काढले, तर पान अर्ध्यावर आलं. उरलेल्या प्रत्येक वाक्यापुढं प्रश्न तोच, हे छापलंय कुठं? उदगीरच्या वाचनालयात दोन रविवार जुन्या अंकांचे गठ्ठे उपसले. सगळ्यात आधी भक्कम संदर्भ मिळाला तो कशाला, तर या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, याला! आंबील नाही, भज्जी नाही, पांडव नाहीत, सरकारी सुट्टी. कोप, पूजा आणि भज्जीचे संदर्भ हळूहळू जमले.

खरी गंमत नावावर झाली. आम्ही म्हणतो येळवस. कुणी येळामोशा म्हणतं, वर्तमानपत्रं वेळा अमावस्या किंवा दर्श वेळ अमावस्या लिहितात. पानाचं नाव कोणतं? मी येळवसवर अडून बसलो होतो. चर्चापानावर ठरलं की छापील मजकुरात जे नाव जास्त दिसतं ते पानाला, बाकीची सगळी पुनर्निर्देशनं. म्हणजे 'येळवस' लिहून शोधलं तरी माणूस त्याच पानावर पोचतो. मनाविरुद्ध होतं, पण पटलं.

व्युत्पत्तीवर मात्र महिनाभर गेला. मी ऐकीव लिहिलं होतं की कन्नडमधल्या सात या आकड्यावरून हे नाव आलं, सातवी अमावस्या म्हणून. बीदरकडच्या एका सदस्यानं लिहिलं, आमच्याकडं ही 'एळ्ळ अमावस्या', आणि एळ्ळु म्हणजे तीळ. मी चमकलो, मग वाटलं यात नवल ते काय? १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं. नंतर ते उस्मानाबादेत गेलं आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात आलं. सीमा हलली, अमावस्या जागेवर राहिली. शेवटी दोन्ही मतं पानावर ठेवली, कोण काय म्हणतं ते संदर्भासकट. कुठलं खरं, हे ठरवायचं काम आपलं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

फोटोचंही तसंच. व्हॉट्सॲपवर आलेला सुंदर फोटो चालला नाही, कारण काढणारा कोण ते माहीत नाही. भावाच्या रानातल्या कोपीचा मी मोबाइलवर काढलेला, थोडा हललेला फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या भांडारात, चढवला. तोच आता पानावर आहे.

गेल्या येळवसला कोपीत बसून मायला सगळं पान वाचून दाखवलं. तिनं मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "बाकी समदं बराबर हाय. पण उंडे कुठं हायेत रं? बाजरीच्या उंड्याबिगर येळवस व्हती का?"

"माय, ते कुठं छापलेलं सापडंना."

"मी सांगायले की."

चर्चापानावर नवा विभाग काढलाय: 'उंड्यांचा छापील संदर्भ हवा'. खाली चार टिल्ड टाकून सही केली. अजून कुणाचं उत्तर नाही.