माशावरचे ठिपके गेले तरी इक टँकमध्येच असतो

मुंबईहून मासे आले की आठवडाभरात आमच्या नाशिकच्या मरीनवाल्यांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक तरी फोटो पडतोच. टँग नाहीतर क्लाउनफिश, अंगावर रव्याच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके आणि खाली प्रश्न, काय घालू? मग धडाधड उत्तरं येतात, लसूण घाल, टेंपरेचर वाढव, क्लीनर श्रिंप सोड, अमुक रीफ सेफ (कोरलला अपाय न करणारं) औषध घाल. आणि तीन-चार दिवसांनी तोच माणूस लिहितो, थँक्यू सगळ्यांना, ठिपके गेले, मासा एकदम ओके. मला खरं तर हा दुसरा मेसेज वाचून जास्त काळजी वाटते, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

हा ठिपक्यांचा आजार म्हणजे मरीन इक, आणि तो करणारा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली त्याचं वर्णन केलं आणि हे नाव ब्राउन यांनी १९५१ साली दिलं, म्हणजे आजार काही नवा नाहीये. तो माशाच्या कातडीच्या आत शिरतो, साधारण ३ ते ७ दिवस तिथे खातो, फुगतो (आपल्याला दिसतो तो ठिपका हाच) आणि मग बहुतेक वेळा अंधारात मासा सोडून खाली उतरतो. खाली येऊन थोडा वेळ सरपटतो, दगड वाळू काच पाइप जे सापडेल त्याला चिकटतो आणि भोवती टणक कवच करून आत विभागला जातो, एका कवचातून २०० पर्यंत पिल्लं निघू शकतात. ती पाण्यात पोहत नवीन मासा शोधतात, दिवस-दोन दिवसांत मासा नाही मिळाला तर मरतात, पण आपल्या टँकमध्ये मासा फुटाफुटावर आहे, त्यांना शोधायला कितीसा वेळ लागणार?

म्हणजे ठिपके गेले याचा अर्थ परजीवी जेवून खाली उतरला, बस. औषध लागू पडलं असं त्यावरून अजिबात कळत नाही, कारण काहीही घातलं नसतं तरी ते ठिपके त्याच दिवशी गेले असते. आणि मग आठ-पंधरा दिवसांनी दुप्पट-तिप्पट ठिपके घेऊन मासा कोपऱ्यात उभा.

परवा सिडकोतून एका मुलाचा फोन आला, इंजिनिअरिंगला आहे, पैसे साठवून साठवून टँक केलाय. म्हणाला, "ताई, पावडर ब्लू टँग बरा झाला, ठिपके एकपण नाही, आता फ्लेम एंजल आणू का?" मी म्हटलं अरे थांब, आधी मोबाइलवर स्टॉपवॉच लाव आणि त्याचा कल्ला एका मिनिटात किती वेळा हलतो ते मोज, मग शेजारच्या डॅमसेल माशाचा मोज. त्याने मोजलं आणि गप्पच झाला. टँगचा श्वास फार जोरात चालला होता. इक कल्ल्यांत असतो तेव्हा बाहेरून काही दिसत नाही, मासा खातो पण, फक्त श्वास सांगतो. मी रोज सकाळी लाइट लागायच्या आधी टॉर्च तिरका धरून सगळ्यांच्या पंखांच्या कडा बघते, पारदर्शक पंखावर एक ठिपका असला तरी दिसतो, अंगावर नाही दिसत.

आता उपाय. पहिली गोष्ट म्हणजे मेन टँकमध्ये औषध घालायचं नाही. खरं लागू पडणारं औषध कॉपर म्हणजे तांबं आहे आणि कॉपरने कोरल, श्रिंप, गोगलगायी सगळं मरतं, शिवाय लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेले दगड) आणि वाळू ते शोषून घेतात त्यामुळे डोस कधीच स्थिर राहत नाही. आणि जे रीफ सेफ म्हणून विकलं जातं त्याने इक जात नाही, मी तरी गेलेला बघितला नाही. क्लीनर श्रिंपचं म्हणाल तर परजीवी कातडीच्या आत बसलेला असतो, श्रिंप तिथे पोचणार कशी? लसणाने मासा खायला लागला तर लागतो, तेवढाच उपयोग.

म्हणून सगळे मासे बाहेर. सगळे म्हणजे सगळे, ज्याला ठिपका नाही तोसुद्धा. मेन टँक ७६ दिवस माशांशिवाय चालवायचा. हा आकडा ऐकून लोक चिडतात, पण एका प्रयोगात ७२ दिवसांनीसुद्धा कवच फुटून पिल्लं निघालेली नोंद आहे, त्यावर थोडी सेफ्टी धरून ७६ चालत आलाय. बहुतेक कवचं महिन्याभरात फुटतात हे खरं, पण मागे राहिलेलं एकच पुरतं. कोरल, खेकडे, गोगलगायी तिथेच राहू द्या, त्यांना इक होत नाही, चिमूटभर खाणं टाकत राहा म्हणजे बॅक्टेरिया टिकतात.

बाहेर काढलेल्या माशांसाठी वेगळा रिकामा काचेचा टँक, म्हणजेच क्वारंटाइन, त्यात स्पंज फिल्टर, हीटर, एअर पंप आणि लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी एल्बो. वाळू नको, दगड नको. कॉपर दोन प्रकारचं मिळतं आणि इथे गोंधळ झाला तर मासा जातो, साधं म्हणजे आयोनिक कॉपर ०.१५ ते ०.२० पीपीएमवर चालवतात आणि चिलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेलं) २ ते २.५ पीपीएमवर, सरळ दहापट फरक, त्यामुळे बाटलीवर काय लिहिलंय ते नीट वाचा आणि त्याच प्रकारचं कॉपर मोजणारं टेस्ट किट घ्या. दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवायचं आणि मग सलग ३० दिवस तिथेच ठेवायचं, मध्ये लेव्हल खाली आली तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. ३० दिवस कशाला, तर कॉपर कातडीतल्या किड्याला मारत नाही, कवचातल्याला पण नाही, फक्त पोहणाऱ्या पिल्लाला मारतं, म्हणून सगळे बाहेर येईपर्यंत पाण्यात कॉपर हवंच. टेस्टचा रंग ट्यूबलाइटखाली बघू नका, ती बारकी नळी दिवसा खिडकीत नेऊन कार्डाशेजारी धरा, निळ्याच्या दोन छटांमधला फरक ट्यूबलाइटखाली कळतच नाही. फिल्टरमधला कार्बन आणि यूव्ही दिवा बंद. अमोनिया रोज तपासा आणि वाढला तर पाणी बदला, अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर कॉपरसोबत नको.

आपल्या नाशिकची एक अडचण म्हणजे एप्रिल-मेची कोरडी हवा. चाळीस लिटरच्या टँकवर पंखा सोडला की संध्याकाळपर्यंत पाणी दिसण्याइतकं उतरतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ आणि कॉपर मागेच राहतं आणि घट्ट होत जातं, म्हणून लेव्हलला पट्टी चिकटवून ठेवा आणि रोज साधं आरओचं पाणी तिथपर्यंत भरा, औषधाचं नाही. थंडीत उलटं, हीटर नसला तर पाणी रात्रीत किती उतरेल सांगता येत नाही आणि आजारी माशाला ते सोसत नाही.

कॉपर नकोच असेल तर टँक ट्रान्सफर करा, मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात आवडते. मेन रोडवरून दोन सारखे प्लास्टिकचे टब आणायचे, मासा दर ३ दिवसांनी सकाळी एका टबातून दुसऱ्यात, असं ४ वेळा. खाली उतरलेला परजीवी जुन्या टबात राहतो आणि त्याची पिल्लं निघायच्या आत मासा पुढे गेलेला असतो. जुना टब, हीटर, एअरस्टोन, जाळी सगळं धुऊन गच्चीत उन्हात कडकडीत वाळवायचं, आपल्याकडे ऊन तर भरपूर आहे. मासा नेताना पाणी कमीत कमी न्यायचं आणि दोन्हीकडची सॅलिनिटी (खारटपणा), टेंपरेचर तंतोतंत सारखं हवं. मिठाचा खर्च होतो, पण औषध शून्य. हायपो म्हणजे सॅलिनिटी उतरवून स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००९ वर आणून ठेवणं हाही मार्ग आहे, पण त्यासाठी कॅलिब्रेट केलेला रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं भिंगासारखं यंत्र) पाहिजे, तरंगत्या काट्यावर विसंबून हे करू नका.

पण हे सगळं इकचं झालं. प्रत्येक ठिपका इक नसतो. बारीक सोनेरी धुळीसारखा थर, मासा उजेड टाळतोय, पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड करून उभा, श्वास धाप लागल्यासारखा, तर ते व्हेल्वेट, म्हणजे अमायलोऊडिनियम नावाचा दुसरा परजीवी, आणि तिथे दिवस नाही तर तास मोजायचे. त्याच्यावर टँक ट्रान्सफर चालत नाही, हायपो चालत नाही, कॉपर किंवा क्लोरोक्विन हे औषधच. क्लाउनफिशच्या अंगावरून चिकट पांढरा पापुद्रा सुटायला लागला तर ब्रुकलिनेला हा आणखी एक परजीवी समजा, तिथे कॉपर उपयोगी नाही, फॉर्मलिनचा बाथ लागतो. फॉर्मलिन विषारी आहे, कॅन्सर करणारं आहे, ग्लोव्हज घालून, खिडक्या उघडून, घरात लहान मूल असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि हे काम आधी केलेल्या माणसाला सोबत घेऊनच करा.

डोळे धुरकट झाले आणि मासा अंग घासतोय पण ठिपके नाहीत, तर फ्लूक (बारीक चपटे कृमी) असायची शक्यता जास्त. ५ मिनिटं गोड्या पाण्याचा डिप द्या, आरओचं पाणी, टेंपरेचर सारखं, पीएच जुळवायला चिमूट चिमूट खायचा सोडा, आणि आधीपासून एअर चालू. काळ्या बादलीत केलं तर पांढरे पडलेले फ्लूक तळाला जमा होताना स्पष्ट दिसतात, निदान तिथेच होतं. नंतर प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध, आणि त्याने अंडी मरत नाहीत म्हणून आठवड्याने दुसरा डोस. कुत्र्यांच्या जंताच्या गोळीतही प्राझिक्वांटेल असतं हे बरोबर, पण त्यात बऱ्याचदा आणखी दोन औषधं मिसळलेली असतात, ती टाकू नका.

७६ दिवसांनंतर मासे परत सोडाल तेव्हा क्वारंटाइनची जाळी, पाइप, पाण्याचा मग हे मेन टँकला लावू नका, वेगळा रंग ठरवून घ्या, आमच्याकडे लाल ते आजाऱ्यांचं. आणि नवीन कोरलचा फ्रॅग (तुकडा) किंवा गोगलगाय दुकानात माशांच्याच पाण्यात ठेवलेली असेल तर तिच्या शंखावर कवच चिकटून येऊ शकतं, म्हणून त्यांनाही तेवढेच दिवस मासे नसलेल्या टबात लाइटखाली ठेवा आणि मगच मेन टँकमध्ये घ्या.