तेरा बुटके, तेरा फोटो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. एरवी हा विषय, म्हणजे पीटर जॅक्सनच्या तीन 'हॉबिट' सिनेमांवरचा माझा राग, तर्रीपोह्याच्या ठेल्यावर निघतो आणि तिथेच संपतो. कोणीतरी म्हणतं, "काऊन बे, त्या 'हॉबिट'वर तुला एवढा राग काऊन? बरा तर होता!" मी म्हणतो, "जाऊ दे ना भाऊ," आणि प्लेट रिकामी होते. दहा-बारा वर्षं असंच चाललंय. आता परत विचारणा सुरू झाली, कारण त्याच दुनियेतला नवा सिनेमा डिसेंबर 2027 ला यायचा आहे. गोलम नावाच्या प्राण्याच्या शोधाची गोष्ट, दिग्दर्शन गोलमचंच काम करणाऱ्या अँडी सर्किसचं, निर्मात्यांत पीटर जॅक्सन. "मग आता तरी खूश?" असं तिघांनी विचारलं. एकदाच नीट सांगून टाकतो.

गोष्ट ताणली, हे मला सांगू नका. 1937 चं मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक, 19 प्रकरणं, आणि पडद्यावर 169 अधिक 161 अधिक 144, म्हणजे 474 मिनिटं. हा हिशोब शेंबडं पोरही करतं. "पुस्तकात नव्हतं ते घातलं म्हणून तुम्ही चिडता" हेही नको. लेगोलस पुस्तकात नाही, टॉरिएल तर कुठेच नाही, आणि ज्या अझोग नावाच्या राक्षसाला सिनेमाभर पळवलाय तो पुस्तकाच्या हिशोबाने कधीचाच मेलेला. चालतं. जॅक्सनच्याच आधीच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्येही कमी फेरफार नव्हते आणि तेव्हा आम्ही टाळ्याच वाजवल्या.

माझी पहिली तक्रार वेगळी होती. 2012 साली मी सगळ्यांना पटवत होतो की दोष 48 फ्रेमचा. ती तक्रार आता मला अर्धीच पटते, पण ती समजून घेण्यासारखी आहे.

सिनेमा सेकंदाला 24 चित्रं दाखवतो. कॅमेऱ्याचं शटर साधारणपणे 180 अंशांवर, म्हणजे 360 च्या फेरीत अर्धा वेळ उघडं असतं; प्रत्येक चित्राला सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उजेड मिळतो. तेवढ्या वेळात हात हलला तर हाताची पुसट रेघ उमटते. ती रेघ म्हणजे आपल्या डोक्यातला 'सिनेमा'. जॅक्सनने 48 चित्रं घेतली. शटर 180 वरच ठेवलं असतं तर रेघ फारच बारीक झाली असती, म्हणून 270 अंश केलं: प्रत्येक चित्राला सेकंदाचा चौसष्टावा भाग. रेघ थोडी वाचली, पण चित्रं दुप्पट. परिणाम काय? सगळं लख्ख. मिशीचा केस न् केस दिसतो, आणि तो चिकटवलेला आहे हेही दिसतं.

एप्रिल 2012 मध्ये लास वेगासला थिएटरवाल्यांच्या मेळाव्यात दहाएक मिनिटं दाखवली, तेव्हाच बऱ्याच लोकांनी तोंड वाकडं केलं. "टीव्ही मालिकेसारखं दिसतं" ही त्यांची तक्रार. आपल्याकडे याला जास्त नेमका शब्द आहे: लग्नाची कॅसेट. आपला जुना व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला 50 अर्धी-अर्धी चित्रं टिपायचा. मंगल कार्यालयात एक पोरगा हॅलोजन धरून उभा, मावशी डोळे मिचकावतेय, पंगतीतला माणूस जिलबी तोंडात घालता घालता कॅमेऱ्याकडे बघून थांबलाय. ती सळसळीत हालचाल, तो सपाट उजेड. बातम्या तशाच, क्रिकेट तसंच. पन्नासच्या आसपासची हालचाल दिसली की आपलं डोकं म्हणतं, हे खरंच कुठेतरी घडलंय, कोणीतरी जाऊन शूट केलंय. आता त्याच हालचालीत लांब दाढीचा जादूगार दाखवा. डोकं म्हणतं, हेही खरंच घडलंय: एका माणसाने नकली दाढी लावलीय.

हे सगळं बरोबर आहे. पण 48 फ्रेमची आवृत्ती घरी बघायला कधी मिळालीच नाही. डिस्कवर आला तो 24 चाच. मग घरी बघूनही तेच रितेपण का वाटतं? इथे माझी जुनी थिअरी आपटते. (एक बारीक गोष्ट: 48 मधलं एकाआड एक चित्र गाळून 24 केले, की प्रत्येक चित्र सेकंदाच्या चौसष्टाव्या भागाचंच राहतं. म्हणजे नेहमीच्या सिनेमापेक्षा रेघ कमी, हालचाल किंचित तुटक. तुम्हाला तलवारबाजीत ते जाणवत असेल तर भ्रम नाही तो.)

खरी गोष्ट 3D च्या पोटात होती, आणि ती एका खोलीत घडली. गोष्टीचा नायक बिल्बो, त्या हॉबिटच्या घरातलं जेवण.

'रिंग्ज'मध्ये उंच जादूगार गँडाल्फ आणि साडेतीन फुटी हॉबिट एकाच चौकटीत बसवायला जुनीच हातचलाखी वापरली होती. गँडाल्फ झालेला मॅकेलन कॅमेऱ्याजवळ, हॉबिट फ्रोडो काही फूट मागे, मधलं टेबल दोन तुकड्यांत बनवलेलं आणि असं रंगवलेलं की सांधा दिसू नये. कॅमेरा एकाच डोळ्याने बघतो, त्याला कोण जवळ आणि कोण लांब कळत नाही, त्याला फक्त मोठा आणि लहान कळतो. कमाल म्हणजे कॅमेरा सरकला तरी त्यांनी हे निभावलं: कॅमेरा जसा सरके तसा सेटचा एक तुकडा नटासकट सरके. सुताराचं काम, रुळाचं काम. पण दोन नट एका खोलीत, एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात, एकमेकांचा श्वास ऐकत.

3D मध्ये ही चलाखी मेली. दोन लेन्स, दोन डोळ्यांसारख्या शेजारी. मागे बसवलेला माणूस आता मागेच दिसतो, लहान नाही दिसत. वर त्या दोन लेन्स हव्या तितक्या जवळ यायच्या तर कॅमेऱ्यांची धिप्पाड खोकी आड येतात, म्हणून आरशाचा सांगाडा: एक कॅमेरा अर्धपारदर्शक काचेतून आरपार बघतो, दुसरा काटकोनात बसून तिच्यातलं प्रतिबिंब टिपतो. काच उजेड वाटून घेते, निम्मा इकडे, निम्मा तिकडे. त्यात चौसष्टावा भाग, म्हणजे आणखी कमी. भरपाई म्हणून सेटवर दिव्यांचा मारा. शिवाय त्या कॅमेऱ्यांनी रंग खाल्ला, म्हणून चेहऱ्यांना जास्त लाली आणि घनदाट जंगलाच्या सेटवरच्या झाडांना भडक नारिंगी-हिरवे हात. रंग वाढवायचे, मग संगणकावर ते उतरवायचे.

मग गँडाल्फचं काय केलं? दोन सेट. एकात बिल्बो आणि तेरा बुटके, खरं लाकूड, खरी ताटं. दुसरा गँडाल्फपुरता, लहान मापाचा आणि हिरवा. पहिल्या सेटवरचा कॅमेरा माणूस चालवतो, दुसऱ्यावरचा यंत्राने त्याची नक्कल करतो, त्याच क्षणी, मापाच्या प्रमाणात. दोन्ही चित्रं लगेच एकमेकांवर बसवून पडद्यावर दिसतात. तंत्र म्हणून हे भारी आहे, मी नाकारत नाही. पण हिरव्या खोलीत कोण होतं? सर इयन मॅकेलन, वय सत्तरीच्या पुढे, कानात स्पीकर, आणि समोर दांड्यांवर तेरा फोटो. जो बुटका बोलेल त्याच्या फोटोचा दिवा लागायचा. दिवा लागला की तिकडे बघायचं. रंगभूमीवर आयुष्य काढलेला माणूस, आणि संवाद दिव्याशी.

तो तिथे रडला. आपण नट झालो ते यासाठी नव्हे, असं स्वतःशीच पुटपुटला, आणि अंगावरचा माइक चालू असल्यामुळे ते सगळ्या युनिटने ऐकलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी त्याचा तंबू सजवला. 'रिंग्ज'च्या वेळच्या जुन्या वस्तू कुठून कुठून शोधून आणल्या, गालिचे टाकले, फुलं ठेवली. त्याने हे पुढे स्वतःच सांगितलंय, त्यामुळे मी कोणाचं गुपित फोडत नाहीये.

आता तो जेवणाचा प्रसंग पुन्हा लावा. मॅकेलनची नजर बघा. चुकत नाही कुठे, एवढा मोठा नट, चुकेल कशी. पण ती पोचत नाही. बुटक्यांचा गोंधळ चाललाय, ताटं उडतायत, आणि म्हातारा कडेला उभा, अर्ध्या सेकंदाने उशिरा हसणारा पाहुणा. हे मला 2012 ला दिसलं नव्हतं. मी तेव्हा फ्रेम मोजत होतो.

मग तुम्ही म्हणाल, दोष 3D चा? तिथेही मी गेलो होतो. मग तिसऱ्या भागाच्या लांब आवृत्तीच्या डिस्कवरचा निर्मितीपट आला, आणि त्यात खुद्द जॅक्सन बसून सांगतो की तयारीला वेळच नव्हता, पटकथा आणि स्टोरीबोर्ड (प्रसंगांची आधी काढलेली चित्रं) पूर्ण नसताना तो सेटवर जाऊन जमेल तसं रेटत होता. तारखा लावून बघा. आधी गिलेर्मो देल तोरो 2008 मध्ये दिग्दर्शक म्हणून आला, स्टुडिओच्या पैशांच्या घोळात शूटिंगची तारीखच मिळेना, मे 2010 मध्ये तो निघून गेला. जॅक्सनचं नाव ऑक्टोबर 2010 मध्ये पक्कं झालं. जानेवारीत अल्सर फुटून तो हॉस्पिटलात. 21 मार्च 2011 ला शूटिंग सुरू. 'रिंग्ज'ला 1997 पासून आराखडे चालू होते आणि कॅमेरा फिरला ऑक्टोबर 1999 मध्ये. तिथे दोन वर्षं, इथे पाच महिने, त्यातही दिग्दर्शक आजारी, आणि हाताशी दुसऱ्याच माणसाच्या डोक्यातली चित्रं. तिसऱ्या भागातली पाच सैन्यांची लढाई तर शूटिंग थांबवून पुढच्या वर्षावर ढकलली, कारण कुठलं सैन्य कुठून येणार हेच ठरलं नव्हतं. दोनाचे तीन सिनेमे हे जाहीर झालं जुलै 2012 च्या अखेरीला, मुख्य शूटिंग संपल्यावर.

वेळ नसला की काय होतं ते पडद्यावर मोजता येतं. 'रिंग्ज'मधलं मिनास तिरिथ शहर हे 1:72 मापाचं, हाताने बांधलेलं मॉडेल. 'हॉबिट'मध्ये मॉडेल नाहीत. अझोगला आधी रबरी मेकअपमधला माणूस केला, मग उशिरा तो पुसून डिजिटल केला. दाइन या बुटक्यांच्या सरदाराचा चेहरासुद्धा शेवटी संगणकातला. नदीतल्या पिपांच्या पळापळीत मध्येच छोट्या गोप्रो कॅमेऱ्याचे शॉट येतात, पाण्याचा पोतच बदलतो, आणि कोणालाच ते खटकलं नसेल असं मला वाटत नाही. सुधारायला दिवस उरले नव्हते.

इथवर आलं की मी जिंकलो असं वाटतं. मग माझ्यातलाच एक वकील उभा राहतो. म्हणतो, 'रिंग्ज'ही काही शिस्तीत नव्हता झाला. नायक अरागॉर्नचा नट शूटिंग सुरू झाल्यावर बदलला. संवाद आदल्या रात्री बदलायचे. त्याच्या प्रेयसीला, अर्वेनला, हेल्म्स डीपच्या लढाईत उतरवून शूटही केलं होतं, नंतर काढून टाकलं. शेवटच्या लढाईत अरागॉर्नची थेट खलनायक सॉरॉनशी तलवारबाजी घेतली होती, मग सॉरॉनवर संगणकाने ट्रोल नावाचा राक्षस चढवला. म्हणजे चुका तेव्हाही तशाच होत होत्या, तोच माणूस, तीच हौस. मग फरक फक्त वेळेचा? की तेव्हा त्याला "नाही" म्हणणारे होते आणि नंतर राहिले नाहीत? टॉरिएलच्या नटीने प्रेमाचा त्रिकोण नको ही अट आधीच घातली होती, तरी फेरशूटिंगमध्ये तो आलाच. ते कोणी मागितलं? मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, आणि ठेल्यावर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

अजून एक कबुली. त्याच पहिल्या सिनेमात अंधारातला कोड्यांचा प्रसंग आहे, बिल्बो आणि गोलम. तोही 48 फ्रेम, तोही 3D, तीच घाई. आणि तो उत्तम आहे. मार्टिन फ्रीमन आणि सर्किस समोरासमोर, पहिल्याच आठवड्यांत, प्रसंग नाटकासारखा अथपासून इतिपर्यंत सलग खेळत. खोली तीच असती आणि मॅकेलनसमोर तेरा माणसं असती तर? मी रागावलो असतो का? की तेव्हाही फ्रेम मोजत बसलो असतो?

ज्यांना बघायचाच आहे त्यांच्यासाठी: टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस, कंपनीने जे नाव ठेवलं असेल ते बंद करा. ते चालू असलं तर टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घालतो आणि 24 चा सिनेमा परत लग्नाची कॅसेट होतो. 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' मोड लावा, पडदे ओढा. चाहत्यांनी तिन्ही कापून एक केलेल्या आवृत्त्या फिरतात. त्यात गोष्ट धावते, पण त्या जेवणातली नजर तिथेही तशीच राहते, कात्रीने ती हलत नाही.

आणि 2027? जाणार. 3D असेल तर मी 2D चा खेळ शोधीन. चष्म्यातून उजेड निम्म्याहून कमी पोचतो, आणि मला आता चेहरे बघायचेत. डिसेंबर आहे, नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन चालू असलंच तर झिरो माइलकडे मोर्चे असतील, म्हणून सदरकडून येणाऱ्यांनी पाऊण तास आधी निघा. मी मधल्या रांगेत असेन. इंटर्व्हलमध्ये "कसा वाटतोय" विचारू नका.